सोलापुरातल्या विजापूर रोडवरचा कर्नलसाहेबांचा एसएसबी वर्ग: एका बापाचा अनुभव

धाकटी मुलगी सीडीएसची, म्हणजे सैन्यात अधिकारी व्हायच्या परीक्षेची लेखी पास झाली, तेव्हा पुढच्या एसएसबीसाठी, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखतीसाठी, आधी दुसऱ्याच एका क्लासला पैसे भरले होते. "शंभर टक्के सिलेक्शन" ऐकून भुललो. तिथं नुसती उत्तरं पाठ करून घेतली. मग शेजाऱ्यांनी या निवृत्त कर्नलसाहेबांचा पत्ता दिला. गच्चीवर पत्र्याचं शेड, चौदा मुलं, दर रविवारी सकाळी सात ते बारा.

पहिल्याच दिवशी शब्दांची चाचणी घेतली. 60 शब्द, एकेका शब्दाला 15 सेकंद, सुचेल ते वाक्य लिहायचं. 'डिफीट' या शब्दावर पोरीनं पाठ केलेलं वाक्य लिहिलं. साहेबांनी वही हातात घेतली आणि शांतपणे विचारलं, "बेटा, हे तू कधी केलंयस?" ती गप्प. मग बोलता बोलता निघालं की लॉकडाऊनमध्ये कामगार गावी गेले, तेव्हा आमच्या बारा मागांचा हिशोब आणि टॉवेलच्या ऑर्डरी तिनंच सांभाळल्या होत्या. "हेच लिही. तिथं तीन वेगवेगळी माणसं तुला तपासणार. मानसशास्त्रज्ञ, मैदानावर गटाच्या कसोट्या घेणारा अधिकारी, म्हणजे जीटीओ, आणि मुलाखत घेणारे. उसनं काही आणलंस तर तिघांचं जुळत नाही." घरी येताना पोरगी गाडीवर मागं बसून रडली. पण त्या दिवसापासून तिची वही बदलली.

मला जास्त मोलाचं वाटलं ते पालकांच्या बैठकीतलं. मी विचारलं, "साहेब, एकदा लागली की कर्नल होईलच ना?" त्यांनी फळ्यावर उतरंड काढली. कॅप्टन 2 वर्षांनी, मेजर 6, लेफ्टनंट कर्नल 13. इथवर सेवेची वर्षं आणि खात्यातल्या परीक्षा. पुढं कर्नल व्हायला, म्हणजे युनिटची कमांड मिळायला, 3 नंबरचं सिलेक्शन बोर्ड. बोर्डासमोर अधिकाऱ्याचं नाव जात नाही. जातात ते वरिष्ठांनी लिहिलेले इतक्या वर्षांचे गोपनीय अहवाल, कोर्स, पदकं. अहवालात गुण 9 पैकी. तीन वेळा संधी मिळते, आणि बरेच चांगले अधिकारी इथंच थांबतात. "म्हणून मेजर असताना केलेलं काम पुढं दहा वर्षांनी बोलतं," असं ते म्हणाले.

मुलींचंही स्पष्ट सांगितलं. ओटीएतून, म्हणजे अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण अकादमीतून, शॉर्ट सर्व्हिसवर (ठरावीक मुदतीची नोकरी) 10 वर्षं, मग कायम कमिशनचं, म्हणजे निवृत्तीपर्यंतच्या नोकरीचं, बोर्ड. नाही मिळालं तर 4 वर्षं वाढवून घेता येतात. 17 फेब्रुवारी 2020 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला तेव्हा कुठं बायकांना कमांडची दारं उघडली. हे मला ठाऊकच नव्हतं. आता घरी तिच्या आजीलाही सांगितलंय.

उणीव सांगायची तर पत्र्याखाली मे महिन्यात बसवत नाही. सोलापूरचं ऊन, दहानंतर मुलांचं लक्ष उडतं. दोनच पंखे आहेत. जीटीओच्या अडथळ्यांचा सरावही इथं होत नाही, जागाच नाही; साहेब तो कागदावर समजावतात. त्यासाठी वेगळी सोय बघावी लागेल. महिन्याला बाराशे रुपये, पावती मिळते. पालकांची बैठक महिन्यातून एकदाच असते, ती चुकवू नका, आईवडील दोघंही जा. आमच्या पोरीला एसएसबीसाठी भोपाळचं बोलावणं आलंय, परवा रात्रीची गाडी आहे.