आंब्याचं ऑनलाइन दुकान: कॅशे लावायचा की सगळं स्टॅटिक करायचं?

वूकॉमर्स (वर्डप्रेसवरचं) किंवा ओपनकार्ट अशा तयार सॉफ्टवेअरच्या दुकानात गिऱ्हाइकाने पान उघडलं की सर्व्हरवरचा पीएचपी प्रोग्रॅम दर वेळी डेटाबेसला विचारून ते पान नव्याने तयार करतं. एरवी हे चालून जातं. पण पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत मुंबई-पुण्याची माणसं एकदम पेट्या बघायला आली, की स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग, म्हणजे अनेक साइटींत वाटलेला सर्व्हर, धापा टाकतं. मग देवगड-रत्नागिरीचा बागायतदार विचारतो, पानं आधीच तयार एचटीएमएल फाइली करून ठेवली तर? जरूर ठेवावीत. मात्र त्याचे दोन रस्ते आहेत आणि दोन्हींचे परिणाम फार वेगळे आहेत.

पहिला रस्ता कॅशेचा, म्हणजे तयार पानांच्या तात्पुरत्या साठ्याचा. सॉफ्टवेअर तेच राहतं. डब्ल्यूपी सुपर कॅशेसारखं प्लगइन एकदा तयार झालेलं पान फाइल म्हणून ठेवतं आणि पुढच्यांना तीच फाइल देतं. कार्ट, चेकआउट आणि माय अकाउंट ही पानं मात्र कॅशेतून वगळलीच पाहिजेत. वर्डप्रेस काही फॉर्ममध्ये सुरक्षेसाठी नॉन्स (थोड्या वेळापुरता चालणारा संकेत) घालतं, तो १२ ते २४ तासांत बाद होतो. म्हणून कॅशेची मुदत दहा तासांच्या आत ठेवावी. साइटच्या पुढे बसून फाइली पुरवणारी क्लाउडफ्लेअरची सेवा नुसती लावून हे काम होत नाही. ती आपणहून फोटो, सीएसएस, जावास्क्रिप्ट साठवतं, एचटीएमएल नाही. त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो.

दुसरा रस्ता सगळं स्टॅटिक करायचा, म्हणजे सिम्पली स्टॅटिक हे प्लगइन किंवा डब्ल्यूगेट हा साइट उतरवून घेणारा प्रोग्रॅम वापरून अख्ख्या दुकानाची न बदलणारी प्रत काढून तीच होस्टिंगवर चढवायची. वेग उत्तम, डेटाबेस बाहेर उघडा नाही, खर्च नगण्य. पण गिटहब पेजेस या स्टॅटिक पानं ठेवायच्या फुकट जागेवर धंद्याचं दुकान चालवायला त्यांच्या नियमांतच मनाई आहे, तेव्हा जागा दुसरी शोधा. शोध, फिल्टर, कूपन, शिल्लक मालाचा आकडा हे सगळं बंद पडतं. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा पेमेंट बटणावर घ्यावी लागते. ओएसकॉमर्स या जुन्या सॉफ्टवेअरवरच्या दुकानाची प्रत काढणाऱ्याने तर फार सांभाळावं: तिथे लिंकमध्ये सेशन आयडी, म्हणजे कार्ट कुणाची हे ओळखणारा क्रमांक, चिकटलेला असतो. तो प्रतीत उतरला आणि कार्ट मूळ दुकानातच चालू असेल, तर अनोळखी माणसांच्या कार्ट एकमेकांत मिसळू शकतात.

माझ्या मते निर्णय भावावर घ्यावा, वेगावर नाही. हापूसचा भाव आवक वाढेल तसा उतरतो, चार डझनी आणि सहा डझनी पेटीचा दर वेगळा असतो, आणि झाडावरचा माल संपला की संपला. रोज प्रत काढून चढवणं तोडणी-भरणीच्या गडबडीत राहून जातं, आणि मग गिऱ्हाईक पानावरचा जुना भाव दाखवतं. त्याचं बरोबरच असतं. कॅशेत भाव बदलताच प्लगइन त्या पेटीचं पान पुसून नवं करतं. मुखपृष्ठ आणि वर्गवारीचं पान तेवढं स्वतः तपासावं, जुना आकडा बहुधा तिथे अडकतो.

उलट कोकम आगळ, कुळथाचं पीठ, मालवणी मसाला एवढंच विकत असाल आणि भाव महिनोन् महिने तोच राहत असेल, तर पूर्ण स्टॅटिक बिनधास्त करा. अढी कशी लावायची, २०१८ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन म्हणजे काय, ही माहितीची पानंही तशीच ठेवता येतात.

दोन्ही विकणाऱ्याने हंगामात कॅशे ठेवावा. जूनमध्ये पेट्या बंद झाल्या की स्टॅटिक प्रत पुढे करून मूळ दुकान बंद करून ठेवावं; त्याआधी ऑर्डरींचा बॅकअप घ्यायचा.

फेब्रुवारीत कॅशे लावून झाला की दोन वेगळ्या फोनवर दुकान उघडा. एकावर पेटी कार्टमध्ये टाका आणि दुसऱ्यावर कार्ट पाहा. तिथे तीच पेटी दिसली, तर कार्टचं पान कॅशेत अडकलं आहे; दुकान अजून लोकांसाठी उघडू नका.