बाबांच्या पंचाहत्तरीचं जेवण वाया गेलं

रविवारी बाबांची पंचाहत्तरी म्हणून आम्ही सातजण कोल्हापुरात घराजवळच्या एका रेस्टॉरंट अँड बारमध्ये जेवायला गेलो. आदल्या दिवशी फोन करून फॅमिली रूममधलं टेबल सांगून ठेवलं होतं. गेल्यावर कळलं, ते दुसऱ्यांना दिलंय. आम्हाला बसवलं बारच्या दाराला लागून. दार उघडलं की सिगरेटचा वास थेट अंगावर, आणि सोबत ६ वर्षांची भाची.

मटण थाळी यायला ५० मिनिटं लागली. पांढरा रस्सा म्हणजे मटणाचं आळणी (मटण शिजवलेलं पाणी), नारळाचं दूध, खसखस, तीळ. इथं वाटीत नुसता कॉर्नफ्लोअरचा चिकटा! बाबांनी एक घोट घेतला आणि काही न बोलता वाटी बाजूला सारली. आयुष्यभर रस्सा दोनदा मागून घेणारा माणूस तो. मला फार लागलं ते. तांबड्याला तवंग भरपूर, चव नाही. मटण इतकं चिवट की बाबांना चावेना, शेवटी फोडी तशाच ताटात राहिल्या. भाकरी मात्र गरम आणि मऊ होती, ते सांगायलाच हवं.

बिलात ५ टक्के जीएसटीवर आणखी १० टक्के सर्व्हिस चार्ज. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या सूचनांप्रमाणे तो परस्पर लावता येत नाही, हे सांगितल्यावर मॅनेजरनं काढला. टेबलाबद्दल, जेवणाबद्दल साधं ‘सॉरी’ही नाही.

घरी आल्यावर आईनं बाबांना दहीभात कालवून दिला.