खोक्यावर लिनक्सचे नाव नसलेले वायफाय अ‍ॅडॅप्टर डेबियनवर

खोक्यावर फक्त विंडोज आणि मॅक यांचीच नावे असलेले एक यूएसबी वायफाय अ‍ॅडॅप्टर मी डेबियन या लिनक्स प्रणालीच्या आधी 12 व्या आणि नंतर 13 व्या आवृत्तीवर वापरले. उपकरण तेच असूनही दोन्हींचा अनुभव इतका वेगळा होता, की हे परीक्षण अ‍ॅडॅप्टरइतकेच कर्नलचेही, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचेही, झाले आहे.

डेबियन 12 मध्ये ते जोडल्यावर वायफायचा पर्यायच दिसेना. यूएसबी उपकरणांची यादी देणारी ‘एलएसयूएसबी’ आज्ञा आणि कर्नलच्या नोंदी पाहिल्यावर उलगडा झाला, की संगणक त्याला सीडी ड्राइव्ह समजत होता, कारण विंडोजचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) उत्पादकाने उपकरणातच साठवून ठेवला होता. उपकरणाचे रूप बदलणाऱ्या ‘यूएसबी-मोडस्विच’ या साधनाने ते खऱ्या रूपात आल्यावर आयडी बदलला आणि आतली चिप रिअलटेकची 8822बीयू असल्याचे कळले. कर्नलमधल्या ‘आरटीडब्ल्यू88’ ड्रायव्हरने या चिपची यूएसबी आवृत्ती कर्नल 6.2 पासून स्वीकारली. डेबियन 12 चे कर्नल मात्र 6.1 आहे.

त्यामुळे कर्नलबाहेरचा ड्रायव्हर, असे ड्रायव्हर बांधून देणाऱ्या ‘डीकेएमएस’ या साधनामार्फत बसवावा लागला. त्यासाठी कर्नलचे हेडर्स (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइली) लागतात आणि ते उतरवायला इंटरनेट लागते. अशा वेळी फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करणे, म्हणजे फोनचे इंटरनेट संगणकाला देणे, हा सर्वांत सोपा मार्ग आहे. सिक्युअर बूट (सही केलेलेच सॉफ्टवेअर चालू देणारी सुरक्षा) चालू असेल, तर मॉड्यूलवर, म्हणजे बांधलेल्या ड्रायव्हरवर, सही करणारी की ‘मोकयूटिल’ आज्ञेने नोंदवून, संगणक पुन्हा सुरू होताना निळ्या पडद्यावर तिला मान्यता द्यावी लागते, अन्यथा कर्नल ते मॉड्यूल सरळ नाकारते. कर्नल अपडेट झाले, की डीकेएमएस मॉड्यूल आपोआप नव्याने बांधते, ही मोठीच सोय आहे. पण कर्नलची अंतर्गत रचना बदलली, की बाहेरचा ड्रायव्हर कंपाइल होईनासा होतो, म्हणून कामाच्या संगणकासाठी हा मार्ग मला कायमचा वाटत नाही.

डेबियन 13 मध्ये कर्नल 6.12 असल्याने मोडस्विच आणि रिअलटेकचे फर्मवेअर (चिपच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) पॅकेज एवढ्यावरच भागले, आणि जोडणी स्थिर राहिली. अ‍ॅडॅप्टर चांगले आहे. चिपचे नाव खोक्यावर न छापणे हा मात्र ग्राहकावर अन्याय आहे, कारण एकाच मॉडेल क्रमांकाखाली आतली चिप बदलल्याची उदाहरणे आहेत. नवीन खरेदी करायची असेल, तर मीडियाटेकची एमटी7612यू चिप असलेले अ‍ॅडॅप्टर शोधावे; तिचा ड्रायव्हर 4.19 पासून कर्नलमध्येच आहे.