स्प्लेंडरवरून थेट चारशे सीसी? हंटर ३५०, स्पीड ४०० की ड्यूक ३९०, जळगाव-धुळ्याच्या गर्दीत शिकायला कोणती बरी

कापसाचे नाहीतर केळीचे पैसे हातात आले, किंवा पुण्याच्या नोकरीचे चार-सहा पगार साठले की आपल्या खान्देशातल्या घराघरात मोठ्या गाडीचा विषय निघतो. घेणारा बहुतेक वेळा आजवर स्प्लेंडर नाहीतर शाईनच चालवलेला असतो, आणि शोरूमच्या चकरा मारून आला की त्याच्या डोक्यात तीनच नावं असतात, रॉयल एनफिल्डची हंटर ३५० (किंवा क्लासिक), ट्रायम्फची स्पीड ४०० आणि केटीएमची ड्यूक ३९०. मला विचारायला येणाऱ्या पोरांचा पहिला प्रश्न पिकअपचा असतो, दुसरा ॲव्हरेजचा. गर्दीत शिकायला कोणती सोपी हे कोणी विचारत नाही, म्हणून तेवढंच इथे लिहितो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आपल्याकडे गिअरवाल्या मोटरसायकलचं लायसन एकदा मिळालं की ते ९७ सीसीच्या स्प्लेंडरलाही चालतं आणि सुझुकीच्या अवाढव्य हायाबुसालाही चालतं, सीसीप्रमाणे पायऱ्या नाहीत. युरोपात तसं नाही, तिथे ए१ लायसनवर १२५ सीसी आणि ११ किलोवॅटपर्यंतच (किलोवॅट म्हणजे इंजिनची ताकद मोजायचं माप), मग ए२ वर ३५ किलोवॅटपर्यंत, त्याच्या वरच्या गाड्यांना वेगळं लायसन. ड्यूकचे ४६ पीएस (हेही ताकदीचंच माप, आपल्या हॉर्सपॉवरसारखं) म्हणजे साधारण ३४ किलोवॅट, म्हणजे ज्या गाडीवर आपला पोरगा स्प्लेंडरवरून थेट उडी मारायला निघालाय ती तिकडे दुसऱ्या पायरीच्या अगदी टोकाला बसते. आपल्या कायद्यात ही पायरी नाही, तर ती आपणच आपल्याला घालून घ्यायची.

आता आकडे. स्प्लेंडर ८ पीएसच्या आसपास, वजन ११२ किलो. हंटर साधारण २० पीएस, २७ एनएम टॉर्क (खेचायचा जोर) आणि तोही ४००० आरपीएमलाच (इंजिनचे मिनिटाला फेरे), वजन १८१ किलो, सीट ७९० मिलिमीटर. क्लासिकला तेच इंजिन पण वजन १९५ किलो आणि सीट ८०५. स्पीड ४०० ला ४० पीएस, ३७.५ एनएम ६५०० आरपीएमला, सीट ८०० च्या आसपास, वजन १७० ते १८० किलोच्या दरम्यान, कोणत्या सालची गाडी आहे त्यावर. नवी ड्यूक ३९० तर ४६ पीएस, ३९ एनएम आणि वजन फक्त १६८ किलो.

हे आकडे वाचून लोक म्हणतात, ड्यूक हलकी म्हणजे सोपी, एनफिल्ड जड म्हणजे अवघड. अर्धं खरं आहे. दोन्ही अवघडच आहेत पण वेगवेगळ्या जागी, आणि सगळा निर्णय मला वाटतं इथेच लागतो.

हंटर किंवा क्लासिक तुम्हाला उभ्या उभ्या पाडते. जळगावात टॉवर चौकाकडून फुले मार्केटात शिरताना, धुळ्यात पाच कंदिलाजवळ, समोर हातगाडी, बाजूला रिक्षा, मागून हॉर्न, आणि तुम्ही हँडल पूर्ण वळवलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी त्या बाजूला कलायला लागते. स्प्लेंडर अशी कलली तर पाय टेकवून सावरता येते, पावणेदोनशे-दोनशे किलोचं धूड एकदा ठराविक कोनाच्या पुढे गेलं की पायाने थांबत नाही. पण हीच गाडी चालती असताना एकदम शांत, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये कमी आरपीएमला धकधक करत गर्दीतून जाते, रेस चुकून जास्त पिळली गेली तरी उडी मारत नाही. म्हणजे चूक झाली तर ती बहुतेक शून्य ते दहाच्या वेगात होते, लेग गार्ड घासतो, आरसा तुटतो, फार तर पाय मुरगळतो.

ड्यूकचं उलटं. उभी असताना हलकी, वळवायला सोपी, पण ३००० आरपीएमच्या खाली तिला चालायला आवडत नाही, झटके देते, म्हणून नवा माणूस रेस वाढवतो आणि तिथून गाडी जी सुटते ती पहिल्याच गिअरमध्ये पन्नासच्या घरात जाते. रिंग रोडवर दोन स्पीडब्रेकरच्या मधल्या तुकड्यात तुम्ही साठला पोचलेले असता आणि तुम्हाला वाटतं चाळीस आहे, कारण इंजिनला काहीच त्रास झालेला नसतो. स्प्लेंडरवर साठ म्हणजे आवाज येतो, थरथर होते, शरीराला कळतं. इथे कळत नाही. आता हिशोब बघा, कोरडा चांगला रस्ता, ब्रेक लावायचं ठरवायला एक सेकंद आणि मग नीट ब्रेक मारला तर चाळीसला गाडी साधारण २० मीटरमध्ये थांबते आणि साठला ३६ मीटर लागतात. आकाशवाणी चौकात नाहीतर इच्छादेवीला तुमच्यासमोर ३६ मीटर मोकळा रस्ता कधी असतो का, हे ज्याचं त्याने आठवून बघावं. ड्यूकवरची चूक चाळीस-साठच्या वेगात होते, आणि तिथे आरशावर भागत नाही.

स्पीड ४०० या दोघींच्या मध्ये बसते पण बरोब्बर मध्ये नाही, ड्यूककडे झुकलेली. खालच्या आरपीएमला ती ड्यूकपेक्षा नरम आहे, सीट खाली आहे, क्लच हलका, ट्रॅक्शन कंट्रोल (रेस जास्त झाली तरी मागचं चाक घसरू न देणारी सोय) आहे. पण ४० पीएस म्हणजे स्प्लेंडरच्या पाचपट, हे विसरायचं नाही. ड्यूकची एक बाजू मात्र मांडली पाहिजे, तिला रेन मोड आहे, त्यात रेस नरम होते, आणि कोणी ड्यूकच घ्यायची म्हणून हट्टाला पेटलं असेल तर त्याला मी सांगतो की पहिले दोन-तीन महिने ऊन असो पाऊस असो, रेन मोडच ठेव.

ब्रेकचं थोडक्यात. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय) २०१९ पासून सक्तीचं आहे पण ते एका चाकाला की दोन्ही चाकांना, यात फरक आहे. स्पीड आणि ड्यूकला दोन्ही चाकांना आहे, हंटरच्या खालच्या व्हेरिएंटला फक्त पुढच्या, म्हणून हंटर घेणार असाल तर वरचं व्हेरिएंट घ्या, तिथे पैसे वाचवू नका.

गरमीचं मात्र थोडक्यात भागत नाही, कारण हे पुण्या-मुंबईच्या रिव्ह्यूवाल्यांना कळतच नाही. भुसावळ-जळगावचा मे महिना म्हणजे ४५ अंश, त्यात पिंप्राळ्याकडे कुठेतरी ट्रॅफिकमध्ये अडकलात की ड्यूकच्या रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि गरम हवा पायांवर येते. स्पीडलाही रेडिएटर आहे, पण त्रास जरा कमी. एनफिल्डचं इंजिन हवा आणि ऑइलवर थंड होतं, तेही तापतंच, पण नडगी भाजल्यासारखी होत नाही. यात सोयीपेक्षा सेफ्टीचा प्रश्न जास्त आहे, कारण गरम झालेला माणूस घाई करतो, फटीतून गाडी काढतो आणि पहिलं काम काय करतो तर हेल्मेट काढून हँडलला अडकवतो. आयएसआय मार्कचं, हवा खेळणारं हेल्मेट, जाळीचं जॅकेट आणि हातमोजे यांचे पैसे गाडीच्या बजेटमध्येच धरा, मागे बसणाऱ्याच्या हेल्मेटसकट, तेही कायद्याने सक्तीचं आहे.

आता शिकायचं कोणाकडून? आपल्याकडे ड्रायव्हिंग स्कूल म्हटलं की चारचाकी, मोटरसायकल शिकवतो मोठा भाऊ नाहीतर मित्र. अमेरिकेत १९८१ साली हर्ट रिपोर्ट म्हणून एक अभ्यास आला होता, लॉस एंजेलिसकडच्या ९०० अपघातांचा जागेवर जाऊन केलेला, त्यात अपघात झालेले ९२ टक्के लोक स्वतःच किंवा घरच्या-मित्रांकडून शिकलेले निघाले. आता तिथेही बहुतेक लोक तसेच शिकत असणार, म्हणून तेवढ्यावरून मित्राला दोष द्यायचा नाही. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं की ऐनवेळी लोक मागचा ब्रेक जोरात मारून चाक घसरवतात आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरत नाहीत, आणि हे मी आपल्याकडे रोज बघतो. 'पुढचा ब्रेक मारू नको, पलटी होशील' हे गावोगावी शिकवलं जातं आणि ते चूक आहे. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं, थांबवायची बहुतेक ताकद तिथेच असते. फक्त झटक्यात दाबायचा नाही, आधी हलकं मग घट्ट, आणि हँडल सरळ असताना.

म्हणून मित्र बरोबर असू दे, पण चौकात नको, सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर जा, धुळेकरांना अवधानची एमआयडीसी आहेच. (मेहरूण तलावाचा रस्ता सकाळी टाळा, फिरायला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची जागा आहे ती.) तिथे आधी हाफ क्लचवर, रेस एकसारखी धरून आणि मागचा ब्रेक किंचित दाबून माणसाच्या चालीने गाडी सरळ न्या, पाय वर ठेवून. ते जमलं की यू टर्न, नजर जिथे जायचंय तिथे, पुढच्या चाकाकडे नाही. मग वीस, तीस, चाळीसवरून दोन्ही ब्रेक लावून थांबणं, एबीएसचा तो थरथराट लिव्हरला आला तरी बोट सोडायचं नाही हे हाताला कळेपर्यंत. स्लो स्पीडचं काम एनफिल्डवर जास्त दिवस लागेल, ब्रेकिंग आणि रेसचं ड्यूकवर. चेन्नईजवळच्या ट्रॅकवर मोठी स्कूल भरतात, चांगली असतात, पण ती कोपरे वेगात घ्यायला शिकवतात, बैलगाडी आणि पिकअप टेम्पोच्या मधून जायला नाही.

आणि आपल्या रस्त्यांची स्वतःची परीक्षा आहेच. पहिला पाऊस पडला की शेतातून निघालेले ट्रॅक्टर काळी माती डांबरावर सोडत जातात, ती ओली झाली की साबणासारखी, तिच्यावर ब्रेकही नको आणि वळणही नको, माती यायच्या आधीच वेग कमी करून ती सरळ ओलांडायची. यावल-सावदा-रावेरच्या पट्ट्यात केळीच्या गाड्या, कापसाच्या दिवसांत रुंद भरलेल्या ट्रॉल्या, मागे लाइट नाही. अशा वेळी ड्यूकची ताकद ओव्हरटेकला कामी येते हे मी मान्य करतो. रोज भुसावळ-जळगाव हायवेने जाणाऱ्याला स्पीड ४०० हंटरपेक्षा खरंच बरी, हंटर ऐंशीच्या वर ओव्हरटेक करताना वेळ घेते.

मग घ्यायची कोणती? आजवर फक्त १००-१२५ चालवली असेल आणि फिरणं मुख्यतः शहरातच असेल तर हंटर, क्लासिक नको, ते जास्तीचे चौदा किलो आणि उंच सीट शिकताना नडतात. बायको-पोरांना डबलसीट न्यायचं असेल तरीही हंटरच, पण पहिला महिना एकट्याने. दीडशे-एकशे साठची गाडी वर्ष-दोन वर्षं नीट चालवलीय आणि हायवे रोजचा आहे त्याने स्पीड ४००. ड्यूक मी पहिली मोठी गाडी म्हणून कोणालाच सांगत नाही, चांगली गाडी आहे म्हणूनच सांगत नाही, तिच्यावर बसायला आधी हात तयार लागतो. खर्चाचंही बघा, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के आणि त्याच्या वर ४० टक्के झालाय.

वय अठरा-एकोणीस असेल तर मात्र या तिन्हींपैकी एकही नको. सेकंड हँड पल्सर एन१६० सारखी १६ पीएसची, दीडशे किलोच्या आसपासची गाडी घ्या, दोन्ही चाकांना एबीएस असलेली बघून, वर्षभर चालवा आणि विकून टाका, फार तोटा होत नाही. घेताना टायरच्या बाजूला चार आकडे असतात ते वाचा, २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. टायर पाच वर्षांच्या पुढचा असेल तर नक्षी कितीही खोल दिसू दे, रबर कडक झालेलं असतं, नव्या टायरचे पैसे किमतीतून कापूनच सौदा करा.