स्टोरीवीव्हर: वाचायला नको म्हणणाऱ्या मुलासाठी

बंगळूरुच्या प्रथम बुक्स या ना-नफा प्रकाशन संस्थेने ८ सप्टेंबर २०१५ रोजी, म्हणजे आंतरराष्ट्रीय साक्षरता दिनी, स्टोरीवीव्हर हे बालकथांचे संकेतस्थळ सुरू केले. तिथे मराठीसह अनेक भाषांतल्या सचित्र गोष्टी विनामूल्य वाचता येतात. आमच्या घरी त्याचा वापर होतो तो तिसरीतल्या मुलासाठी. तो इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातो, मराठी अस्खलित बोलतो, पण देवनागरीतले पान समोर आले की टाळाटाळ करतो. अशी मुले आज घरोघरी आहेत, म्हणून हे परीक्षण वाचनाची गोडी असलेल्या नव्हे, तर वाचायला नको म्हणणाऱ्या मुलाच्या दृष्टीने लिहीत आहे.

या सेवेचा सर्वांत मोठा गुण, माझ्या मते, गोष्टींची संख्या नसून त्यांचे आकारमान हा आहे. प्रत्येक गोष्टीला चारपैकी एक पातळी दिलेली असते. पहिल्या पातळीच्या गोष्टी २५० शब्दांच्या आत असतात आणि त्यांत तेच तेच सोपे शब्द पुन्हा येतात. दुसरी पातळी साधारण ६०० शब्दांपर्यंत, तिसरी १,५०० पर्यंत आणि चौथी त्याहून मोठी. नाराज मुलाला इयत्तेप्रमाणे तिसऱ्या पातळीवर बसवण्याचा मोह पालकांनी कटाक्षाने टाळावा. पहिल्या पातळीची गोष्ट काही मिनिटांत संपते, आणि ‘मी एक पुस्तक पूर्ण वाचले’ असे म्हणण्याची संधी अशा मुलाला फार क्वचित मिळालेली असते.

गोष्ट इतकी लहान असल्यामुळे ती घरातल्या कामांच्या मध्ये सहज मावते. आमच्याकडे संध्याकाळी आजी पोळ्या लाटत असताना मुलगा ओट्याजवळच्या स्टुलावर बसून तिला गोष्ट वाचून दाखवतो. आजीचे हात पिठात असतात आणि चष्मा बाहेरच्या खोलीत, त्यामुळे वाचण्याचे आणि पान उलटण्याचे काम आपोआप त्याच्यावर येते. ‘दुसऱ्या’ किंवा ‘खुर्ची’ अशा शब्दाशी तो अडला की आजी पानाकडे न पाहता नुसते विचारते, “बरं, मग ती कशावर बसली असेल?” तो चित्र पाहतो, अंदाज करतो, आणि मग रफार ओळखून शब्द उच्चारतो. जोडाक्षरांचा याहून चांगला सराव मला एकाही सरावपुस्तिकेत आढळलेला नाही, कारण इथे ऐकणाऱ्या माणसाला पुढे काय झाले हे खरोखरच हवे असते.

दुसरा गुण परवान्याचा. या गोष्टी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्याखाली आहेत. मूळ लेखक, चित्रकार आणि प्रकाशकाचे श्रेय कायम ठेवून त्या छापता येतात, वाटता येतात, बदलता येतात, दुसऱ्या भाषेत नेता येतात. पालकांसाठी याचा अर्थ असा की मुलाच्या हाती मोबाइल देण्याची गरजच उरत नाही. गोष्ट पीडीएफ स्वरूपात उतरवून घ्यावी, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात काळ्यापांढऱ्या रंगात छापून आणावी आणि मुलालाच सुईदोऱ्याने शिवायला लावावी. स्वतः शिवलेले, स्वतः रंगवलेले पुस्तक मूल दप्तरात घालून नेते.

छापील प्रतीचा आणखी एक उपयोग मला विशेष मोलाचा वाटतो. चित्रे आणि मजकूर कापून वेगळे करावेत, जमिनीवर पसरावेत, आणि कोणता मजकूर कोणत्या चित्राखाली जातो ते मुलाला लावायला सांगावे. वाचल्याखेरीज हे काम होतच नाही, तरीही ते अभ्यासासारखे वाटत नाही. आमच्या घरी धाकट्या बहिणीने पट्ट्यांचा क्रम मुद्दाम चुकवला की मोठ्याला पुन्हा सगळ्या पट्ट्या वाचाव्या लागतात, आणि तो त्या कुणी न सांगता वाचतो.

संकेतस्थळावर स्वतःची गोष्ट तयार करण्याचीही सोय आहे. त्यासाठी नोंदणी करावी लागते; नुसते वाचण्यासाठी ती लागत नाही. आधीच दिलेल्या चित्रांतून हवी ती निवडायची आणि प्रत्येक चित्राखाली आपला मजकूर लिहायचा, इतकी ती सोपी आहे. मुलाने सांगावे आणि मोठ्यांनी टंकित करावे, हे उत्तम. मात्र मुलाचे शब्द सुधारू नयेत. ‘बकरी धपकन पडली आणि लगेच उठून म्हणाली, काही नाही लागलं’ असे त्याने सांगितले तर ते तसेच लिहावे. स्वतःच्या तोंडचे वाक्य छापील अक्षरात दिसले की मूल ते पुन्हा पुन्हा वाचते, पाहुण्यांना वाचून दाखवते. त्यातला प्रत्येक शब्द त्याला आधीच माहीत असल्यामुळे अक्षराची भीती बरीच कमी होते. वाचनाला घाबरणाऱ्या मुलासाठी मी या एका सोयीची शिफारस सर्वांत आधी करीन.

काही गोष्टींना ध्वनिफितीची जोड असून वाचले जाणारे शब्द ठळक होत जातात. प्रवासात त्याचा उपयोग होतो, पण मुलाला ऐकण्याची सवय लागली की डोळे अक्षरांवरून सरकतात, म्हणून ही सोय बेतानेच वापरावी.

उणिवाही सांगायला हव्यात. अनुवाद कोणालाही करता येत असल्यामुळे मराठी गोष्टींचा दर्जा एकसारखा नाही. काहींची भाषा घरातल्या बोलण्याइतकी मोकळी आहे, तर काहींमध्ये वाक्ये इतकी आखडलेली आहेत की वाचणारे मूल मध्येच थांबून ‘म्हणजे काय?’ असे विचारते. म्हणून गोष्ट मुलापुढे ठेवण्याआधी मोठ्यांनी ती एकदा मोठ्याने वाचून पाहावी, आणि सुरुवातीला खुद्द प्रथम बुक्सने प्रकाशित केलेल्या गोष्टी निवडाव्यात. प्रकाशकाचे नाव गोष्टीसोबत दिलेले असते. वरच्या पातळ्यांचा मजकूर मोबाइलच्या लहान पडद्यावर बारीक दिसतो, तिथे छापील प्रतच बरी. रंगीत पाने छापायला खर्चही बराच येतो. ज्यांना ते जमत नसेल त्यांनी प्रथम बुक्सची छापील पुस्तके पाहावीत. ती बाजारातल्या इतर चित्रपुस्तकांच्या मानाने स्वस्त असतात.

इंग्रजी माध्यमाच्या मुलांच्या पालकांना आणखी एक गोष्ट सुचवावीशी वाटते. एकच कथा मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे मिळत असेल तर ती आधी मुलाला सोयीच्या भाषेत वाचू द्यावी आणि काही दिवसांनी मराठीत आणावी. कथा ओळखीची असल्यामुळे सगळे लक्ष लिपीकडे देता येते. त्याच दिवशी दोन्ही वाचायला लावणे मात्र कामाचे नाही. तिथे लगेच गृहपाठाचा वास येतो.

चौथ्या पातळीपर्यंत पोचलेल्या मुलासाठी मराठीत पुढचा मुक्काम तयार आहे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत. कथा, कविता आणि कोडी एकत्र असलेल्या या अंकांतून मुलाने स्वतः पान निवडावे. आमच्याकडे सध्या कोड्यांच्या पानापासून सुरुवात होते.