सुक्या कचऱ्याची वेगळी गाडी: आठ महिने वापरल्यावर

आमच्या गल्लीत सुक्या कचऱ्याची वेगळी गाडी सुरू होऊन आठ महिने झाले आणि आता पालिकेच्या सभेत ती बंद करायचं बोलायलेत, डिझेल परवडत नाही म्हणून, तर म्हटलं रोज वापरणाऱ्यानं पण लिहावं.

ओल्याची घंटागाडी रोज सकाळी, सुक्याची बुधवारी आणि शनिवारी. ओल्याला हिरवा डबा, सुक्याला निळा डबा, आणि पॅड-डायपर पेपरात गुंडाळून वेगळे. सुरुवातीला कंटाळा यायचा पण पंधरा दिवसात हात बसला, आता लेकरं पण न सांगता बरोबर डब्यात टाकतात.

खरी अडचण पाण्याची झाली. नळाला पाणी आठव्या दिवशी, आणि पत्रकात म्हणे दुधाच्या पिशव्या धुऊन द्या! सासूबाईंनी मार्ग काढला. पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, लटकता ठेवायचा, कारण तो नखाएवढा तुकडा सुटला की कुणी उचलत नाही. मग पिशवीत अर्धी वाटी पाणी घालून खळबळायचं आणि तेच पाणी चहाच्या आधणात ओतायचं. पिशवी तारेवर चिमट्याला, आपल्याकडच्या उन्हात दहा मिनिटात कडकडीत वाळते.

सगळ्यात वाईट वाटलं ते तिसऱ्या महिन्यात. दोन्ही डबे माझ्या डोळ्यासमोर एकाच गाडीत उलटे केले. ड्रायव्हर म्हणाला, ताई, दुसरी गाडी बंद पडलीय. एकदा झालं असतं तर चाललं असतं पण तीन आठवडे तेच, मग अर्ध्या गल्लीनं वेगळं करणं सोडून दिलं आणि ती घरं परत वळवायला आम्हाला दोन महिने दारोदार फिरावं लागलं.

सभेत एक मुद्दा सारखा येतोय की सुका कचरा भंगारवाला नेतोच, मग गाडी कशाला. अर्धंच खरं आहे ते. भंगारवाला रद्दी, पुठ्ठा, बाटल्या, लोखंड नेतो कारण त्याला भाव आहे. बिस्किटाचे कागद, कुरकुऱ्यांची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या कोण नेतं? ते नालीत जातं नाहीतर ओल्यात जातं, आणि ओल्यात गेलं की ओल्यापासून होणारं खत वाया जातं. माझ्या भावानं मोसंबीला म्हणून शहरातल्या खताची एक ट्रॉली आणली होती, त्यात प्लास्टिकच्या चिंध्याच चिंध्या, परत कधी आणलं नाही त्यानं.

आणि 2018 आपण एवढ्यात विसरलो का? संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होतं. फेब्रुवारीत नारेगावच्या कचरा डेपोशेजारच्या लोकांनी गाड्या अडवल्या, किती वर्षं सगळ्या शहराची घाण सोसली होती त्यांनी, मग रस्त्यारस्त्यावर ढीग, मार्चमध्ये मिटमिट्याला कचरा टाकायला गेलेल्या गाड्यांवर दगडफेक, आणि हायकोर्टानं नारेगावला कचरा टाकायला बंदी घातली. एकत्र कचरा न्यायला जागाच उरली नाही. आपलं गाव लहान आहे पण डेपोशेजारी राहणारी माणसं आपल्याकडे पण आहेतच की.

घरातच कचरा वेगळा करणं केंद्राच्या 2016 च्या घनकचरा नियमांनीच बंधनकारक केलं, त्याच नियमात शुल्क घ्यायची पण तरतूद होती. मी महिन्याला पैसे भरायला तयार आहे. दोन गाड्या परवडत नसतील तर एकाच गाडीत मधे पत्र्याचं पार्टिशन टाका, पण एकत्र करू नका. आणि डेपोवर उन्हात वेचणाऱ्या बायांना निवडायच्या कामावर घ्या, हातमोजे द्या, रोजंदारी द्या, कुठल्या प्लास्टिकला काय भाव आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही.

आमच्या गल्लीतल्या बावीस घरांच्या सह्या झाल्यात. पुढच्या सभेच्या आधी अर्ज आवक-जावकला देऊन पोच घेणार आहे.