रॅकवरच्या चिठ्ठीला पैकीच्या पैकी, ट्रॉलीला भोपळा

दुकान मोठं आहे, माल ताजा असतो, संध्याकाळी गर्दी असते. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहेच, त्यात वेळ घालवत नाही. लिहायला बसलो तो परवाच्या बिलामुळे.

साखरेची रॅकवर एक किंमत, बिलात दुसरी. अर्थातच जास्त. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, सिस्टीममध्ये हीच आहे." सिस्टीमचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. अरे, बारकोडच्या रेघांमध्ये किंमत नसतेच! असतो तो वस्तूचा नंबर. किंमत दुकानाच्याच कॉम्प्युटरमध्ये कुणीतरी भरलेली असते. रॅकवरची चिठ्ठी बदलली आणि तिथला आकडा तसाच राहिला, की झाला घोळ. १९७४ साली अमेरिकेत ओहायोमधल्या एका दुकानात च्युइंगमचं पाकीट स्कॅन झालं आणि बारकोडचा कारभार सुरू झाला. त्याआधी वस्तूवस्तूवर किंमत चिकटवलेली असायची. भांडायला पुरावा हातातच.

मागे रांग चुळबुळत होती. मॅनेजर बाई आल्या. मला वाटलं, आता तासभर हुज्जत. पण त्या माझ्याबरोबर थेट रॅकपाशी आल्या, वाकून चिठ्ठी वाचली आणि म्हणाल्या, "चिठ्ठीवर आहे तोच भाव." फरकाचे पैसे परत दिले आणि त्या मुलाला तिथल्या तिथे आकडा बदलायला लावला. रक्कम किरकोळ होती, पण सोडायची कशाला?

खरं तर मी या दुकानावर फुली मारली होती. मध्यंतरी यांनी सगळी रॅक इकडची तिकडे केली. रोजचं सामान शोधताना नको ते नजरेला पडावं आणि ट्रॉलीत यावं, हाच त्यातला कावा. चिडून दुसरीकडे गेलो. तिथे झगमगाट भरपूर, पण चिठ्ठीवर नुसती पाकिटाची किंमत. इथे तिच्याखाली बारीक अक्षरांत किलोमागे किती पडतात तेही असतं, आणि माझा जीव अडकलाय तो त्या एका ओळीत. मोठं पाकीट स्वस्तच पडणार असं आपण धरून चालतो. पडतंच असं नाही! कंपन्या पाकीट तेवढंच ठेवून आतला माल कमी करतात, तेही या ओळीत लगेच उघडं पडतं. नजरेच्या उंचीवर दुकानाला खपवायचा असतो तो माल. माझ्या कामाचा बरेचदा खालच्या फळीवर. गुडघे कुरकुरतात, पण वाकतो. घरचे म्हणतात, वाणसामान आणायला गेलात की परीक्षेला बसलात? परत आलो तो या ओळीसाठीच.

ट्रॉलीबद्दल काय बोलावं! एक चाक कायम रुसलेलं, सरळ ढकलली तरी डावीकडेच जाणार. रांग हळू. गाणी मोठ्याने.

एक तारा ट्रॉलीचा कापला. अर्धा त्या बारीक अक्षरांचा, कारण चष्मा लावूनही मोबाईलने फोटो काढून मोठा करून वाचावं लागतं. मॅनेजर बाईंच्या कानावर घातलंय. अक्षरं मोठी केली तर अर्धा तारा परत देईन, ट्रॉलीचा मात्र नाही.